केसांचं कडं

वोमहूस गावची बाई हातात केस घेऊनच जन्माला येते, असं आमच्या दालारना भागात म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. गावाला जमीन म्हणावी तर चतकोर, त्यातही निम्मे दगड. म्हणून बटाटे काढून झाले की बायका पाठीला पेटी बांधून दोघी-तिघी मिळून बाहेर पडायच्या. कुणी जर्मनीत जायची, कुणी स्कॉटलंडात, कुणी बोटीने समुद्र ओलांडून फिनलंडच्या ओबू शहरात. बड्या घरच्या बायका आपल्या माणसांचे केस द्यायच्या आणि ह्या त्यांचे दागिने विणून द्यायच्या: कानातली, अंगठ्या, घड्याळाच्या साखळ्या. जिवंत माणसाच्या केसांचे प्रेमापोटी, मेलेल्याच्या केसांचे आठवणीपोटी. पुरुष घरी राहून गुरं, पोरं आणि कोळशाच्या भट्ट्या सांभाळायचे. बाहेरच्यांना हे उफराटं वाटायचं. वाटेना का.

ह्या बायकांत बार्ब्रोचा हात धरणारी कुणी नव्हती. बाकीच्या बायका आयांनी शिकवलेले नमुने विणत, हिला नवे सुचत. खिडकीवरचं हिम पाहून सुचे, कोळ्याचं वाळत टाकलेलं जाळं पाहून सुचे, एकदा तर पाद्रीबुवा प्रवचन देत असताना त्यांच्या बायकोच्या कॉलरची लेस पाहून सुचलं आणि ही बया प्रार्थना अर्धी टाकून उठली. नमुना डोक्यात शिरला की तिला तहान-भूक सुचायची नाही. मधे भोक असलेलं गोल स्टूल पुढ्यात घ्यायचं, केसांचे पेड मोजून त्यांना शिशाची वजनं बांधायची, ती काठावरून खाली सोडायची आणि हात असे चालवायचे की बघणाऱ्याला भोवळ यावी.

शिवाय तिची एक ऐट होती. डोळे मिटून केस हातात घ्यायची आणि सांगायची: ही बाळंतीण आहे, ही म्हातारी आहे पण रंग लावते, हा माणूस दारू पितो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. तिच्याबरोबर फिरणारी दोर्दी, जिची जीभ म्हणजे सुरी, तिला म्हणायची, "बाई, उद्या तू केस हुंगून कुळाचं नावसुद्धा सांगशील." बार्ब्रो हसायची. तिला ते आवडायचं.

ओबूमध्ये दोघी बंदराजवळ एका विधवेच्या घरी खोली घेऊन राहत. त्या साली बार्ब्रोला घर सोडून दोन वर्षं झाली होती. खरं म्हणजे बायका दर वसंतात परत जात. पहिल्या वसंतात तिच्या हातात मोठं काम होतं म्हणून राहिली, दुसऱ्या वसंतात एका सोनाराने नवे नमुने मागितले म्हणून. दोर्दी दोन्ही वेळा गावी जाऊन आली आणि येताना बजावून सांगत आली की तुझी लेक सिग्ने ताडमाड वाढलीये, तुझी वाट पाहते, नवरा काही बोलत नाही पण तोही पाहतो. बार्ब्रो म्हणायची, पुढच्या वसंतात नक्की. खरं कारण दोघींना ठाऊक होतं. इथे तिला सुचत होतं. घरी गेलं की गोठा, चूल, लोणी, आणि हातांना दोन-दोन महिने केस लागायचे नाहीत. पोर काय, मोठी होतच असते, असं ती मनाशी म्हणायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस, समुद्र गोठायच्या आधीच्या शेवटच्या बोटीने गावाहून केसांचं गाठोडं आलं. हे नेहमीचंच होतं. गावच्या आणि आसपासच्या मुली केस विकत, ते धुऊन, दोऱ्याने बांधून बायकांना पाठवले जात, कारण गिऱ्हाइकाच्या केसांखेरीजही माल लागतोच. बार्ब्रोने गाठोडं सोडलं, एकेक जुडगा बाजूला काढला आणि एका वेणीपाशी थांबली. मधासारखा तपकिरी रंग, आणि उजेडात धरला की आतून लालसर. तिने डोळे मिटून ती वेणी बोटांतून ओढली.

"चौदा-पंधरा वर्षांची पोर आहे," ती म्हणाली. "नुकताच ताप येऊन गेलाय, मुळाशी केस कोरडे पडलेत. पण काय केस आहेत गं दोर्दी, हे सरळ बसायचेच नाहीत. ह्यांना आपल्याच मनासारखं वळायचंय."

सगळं ओळखलं बाईने. एवढं सोडून सगळं.

ती निघाली तेव्हा सिग्ने बारा वर्षांची होती आणि तिचे केस ओटच्या काडासारखे फिके होते. आमच्याकडे पोरींचे केस त्या वयानंतर काळवंडतात, हे बार्ब्रोला काय माहीत नव्हतं? शंभर पोरींचे तिने पाहिले होते. पण आपली पोर आपण ठेवून आलो तशीच राहते, असं प्रत्येक आईला वाटतं.

त्याच आठवड्यात ताल्ग्रेनबाईंकडून बोलावणं आलं. ताल्ग्रेनबाई म्हणजे जहाजांच्या दोरखंडांचा कारखाना होता त्या घरातल्या, चाळिशीच्या, विधवा. त्यांचा सहा वर्षांचा एडविन उन्हाळ्यात गेला होता. त्याच्याविना पहिला नाताळ यायचा होता आणि त्यांना त्याच्या केसांचं कडं हवं होतं, मनगटात रात्रंदिवस राहील असं. त्यांनी कागदाची पुडी उघडली. आत पोराच्या दोन बटा, बोटभर लांबीच्या.

आता कोणतीही प्रामाणिक बाई सांगेल की एवढ्याशा केसांत कडं होत नाही. लहान मुलाच्या केसांचं काचेखाली फूल करतात, नाहीतर पानाएवढा ब्रोच. बार्ब्रोने ते सांगितलंही. पण ताल्ग्रेनबाई म्हणाल्या, मला छातीवर नको, मनगटातच हवं, त्याचा हात धरल्यासारखं. आणि त्यात दुसऱ्या कुणाचा केस नको. बार्ब्रोने बटा हातात घेतल्या. मधाळ, आतून लालसर. तिच्या डोळ्यांपुढे ती वेणी आली, आणि वेणीबरोबर नमुना आला, संपूर्ण, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत.

"होईल," ती म्हणाली.

परक्याचे केस मिसळणं, आमच्या धंद्यातलं हे पाप आहे. सगळ्या जाणतात, काही जणी करतात, कुणी बोलत नाही. बार्ब्रोने आजवर केलं नव्हतं. निदान पोराला न्याय द्यावा म्हणून तिने त्याचे केस एका जागी न ठेवता प्रत्येक पेडात चार-दोन, चार-दोन असे मिसळले. रंग इतका बेमालूम जुळला की स्टुलावर वजनं लावल्यावर तिला स्वतःलाही कुठला कुणाचा ते सांगता येईना. याचासुद्धा तिला त्या वेळी अभिमान वाटला.

त्या नऊ दिवसांइतकी खुशीत ती आयुष्यात कधी नव्हती. केसांना वळायचं होतं तसं तिने वळू दिलं. घट्ट विणायच्या ठिकाणी सैल सोडलं, आणि जाळीतून जाळी निघत गेली, वाऱ्यावर ओटचं शेत हलावं तशी. ती विणताना गाणी म्हणत होती. दोर्दी वैतागून म्हणाली, लग्न आहे का घरात? छाटलेली टोकं नेहमीप्रमाणे शेगडीत गेली. उरलेल्या केसांची एक घड्याळाची साखळी झाली, ती पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने जाता-जाता उचलली, त्याचं नावही कुणी विचारलं नाही. कडं पाण्यात उकळून भट्टीत सुकवलं, सोनाराने सोन्याचा फासा बसवला, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते ताल्ग्रेनबाईंच्या मनगटात गेलं. आपल्या हातून झालेलं सगळ्यांत सुंदर काम हेच, हे बार्ब्रोला कुणी सांगायची गरज नव्हती.

पत्र जानेवारीत आलं. समुद्र गोठल्यावर टपाल बेटाबेटांवरून, कुठे होडीने कुठे बर्फावरून घसरगाडीने येतं, त्याला वेळ लागतो. पाकिटावर पाद्रीबुवांचं अक्षर होतं. सिग्ने नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घटसर्पाने गेली, असं त्यांनी लिहिलं होतं. गावातली आणखी सात मुलं गेली, दफनांतून सवड नाही, म्हणून पत्राला दहा दिवस उशीर होतोय, क्षमा असावी. खाली हाल्वारचा, तिच्या नवऱ्याचा, निरोप त्याच्याच शब्दांत होता. त्याला लिहिता येत नसे. 'वेणी मी चौथ्या दिवशीच गाठोड्यातून पुढे धाडली आहे. चिठ्ठी जोडली नाही. तू आई आहेस आणि त्यातून केसवाली, तुला हात लावताच कळेल. मी माझ्याजवळ एक केसही ठेवला नाही, सगळी तुला दिली. तिचं काहीतरी कर आणि वसंतात घरी घेऊन ये.'

बार्ब्रो पत्र वाचून उठली, शेगडीपाशी गेली आणि राखेत हात घालून चाळू लागली. दीड महिन्यांची राख ती, कितीदा उपसून टाकलेली. दोर्दीने तिला मागून धरलं. त्या दिवशी दोर्दीच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही. बार्ब्रो रडलीही नाही. एवढंच पुनःपुन्हा म्हणत राहिली, "मी गात होते गं. विणताना मी गात होते."

नंतरचे पंधरा दिवस तिने स्टुलाला हात लावला नाही. मग एका सकाळी उठून बसली आणि म्हणाली, मला ते कडं परत पाहिजे.

दोर्दी म्हणाली, जा आणि खरं सांग. बार्ब्रो म्हणाली, काय सांगू? तुझ्या हातात तुझा मुलगा चिमूटभर आहे आणि बाकी माझी मुलगी आहे, असं? मग बार्ब्रोने मनात आलेलं सांगितलं. तसंच दुसरं कडं करायचं, तोच नमुना, त्याच रंगाच्या केसांचं, आणि फासा तपासायच्या निमित्ताने बदलायचं. दोर्दी म्हणाली, ही चोरी आहे. बार्ब्रो म्हणाली, असू दे.

रंग जुळवायला तिला तीन वेगवेगळ्या मुलींचे केस लागले. नमुना हातांना पाठ होता, पण ह्या केसांना कुठे वळायचं नव्हतं. ओढून-ताणून वळवावे लागले. जाणणाऱ्याला फरक दिसला असता. जाणणारी ओबूत तिच्याशिवाय आणि दोर्दीशिवाय कुणी नव्हती. सोनाराकडून तिने तस्साच फासा बसवून घेतला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताल्ग्रेनबाईंकडे गेली.

त्या तिला पाहून मनापासून आनंदल्या. दालारनाची माणसं राजालासुद्धा तू म्हणतात, तेव्हा बार्ब्रोही ह्या बाईंना पहिल्या दिवसापासून तू म्हणत होती, आणि इतर बड्या बायका हसत तसं न हसता ताल्ग्रेनबाईंना ते जवळचं वाटे. बार्ब्रो म्हणाली, पहिल्या थंडीत फासा सैल पडतो, जरा बघू दे. त्यांनी कडं काढून तिच्या हातात दिलं आणि कॉफीचं सांगायला स्वतः आत गेल्या.

तिने ते हातात धरलं. आता तिला कळत होतं. आता बोटांना, तळव्याला सगळं कळत होतं. तिने ते झग्याच्या आतल्या खिशात घातलं आणि नवं टेबलावर ठेवलं. अगदी सोपं होतं.

बाई वेलदोड्याच्या पावाची थाळी घेऊन आल्या, बसल्या, आणि आधी कडं उचलून मनगटात घातलं. मग सवयीने हात वर नेऊन ते गालाला लावलं आणि डोळे मिटले.

"रोज सकाळी उठल्या-उठल्या हे करते," त्या म्हणाल्या. "हसू नकोस हं. डोळे मिटले की एडविनच असतो. दुसऱ्या कुणाचा केस असता ना, तर मला लगेच कळलं असतं. आईला कळतंच गं."

ही बाई तीन परक्या पोरींच्या केसांना आपलं लेकरू म्हणून कुरवाळत होती. त्यात त्या मुलाचा एक केस नव्हता. जे होते ते बार्ब्रोच्या खिशात होते, सिग्नेच्या केसांत अडकलेले, आणि जगातली कुणीही बाई ते आता वेगळे काढू शकत नव्हती. बार्ब्रो आपली पोर परत न्यायला आली होती, आणि नेताना दुसरीचं पोर उचलून निघाली होती. तिने हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "फासा अजून नीट बसला नाही."

खिडकीकडे पाठ केली तर उजेड येणार नाही, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बाईंकडे पाठ. दोन्ही कडी तिच्या दोन हातांत होती. खरं कडं तिने ओठांशी नेलं, एकदाच. मग वळून ते ताल्ग्रेनबाईंच्या मनगटात घातलं आणि स्वतःच्या हाताने फासा लावला.

"आता बसलं," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा गालाला लावलं. त्यांना पहिल्यासारखंच वाटलं. काहीच फरक नाही.

बाहेर दोर्दी उभी होती. बार्ब्रोने खिशातलं कडं काढून तिला दाखवलं. दोर्दीने ते डोळ्यांजवळ नेलं, ओढून-ताणून वळवलेली वीण ओळखली, आणि परत दिलं.

बर्फ फुटल्यावरच्या पहिल्या बोटीने दोघी निघाल्या. वाटभर बार्ब्रो एकच घोकत होती: हाल्वारला खरं सांगायचं, पहिल्या दिवशी, दारातच. वेणी माझ्यामुळे गेली, मी ओळखली नाही, मी विकली. मारलं तर मार खायचा, घराबाहेर काढलं तर जायचं. दोर्दी म्हणायची, मारायचा नाही तो, तुला माहितेय. तीच तर भीती होती.

मेच्या मध्यावर ती घरी पोचली. आधी चर्चच्या आवारात जाऊन आली. सात नव्या लाकडी क्रुसांच्या रांगेत आठवा सिग्नेचा होता. मग घरी. हाल्वार कोळशाच्या भट्टीवरून आला, हात धुतले, तिच्या पाठीवरची पेटी उतरवून घेतली. कपाटातून त्याने एक लहान पेटी काढून टेबलावर ठेवली. बर्चच्या लाकडाची, स्वतः केलेली, वर काच. आत त्याने पांढरी लोकर अंथरली होती. असल्या कामाची त्याच्या हातांना सवय नव्हती, एका कोपऱ्यात सांधा वाकडा बसला होता.

"काय केलंस तिच्या केसांचं?" त्याने विचारलं. "दाखव. मी मापाने केलीय, पण मोठी असेल वस्तू तर दुसरी करेन."

वाटभर घोकलेलं सगळं त्या पेटीपुढे बार्ब्रोच्या जिभेवरून उडून गेलं. ह्या माणसाने स्वतःजवळ एक केस ठेवला नव्हता. त्याला आता काय द्यायचं, रिकामी पेटी? तिने खिशात हात घातला आणि कडं त्याच्या तळव्यावर ठेवलं.

त्याने ते अंगठ्याने चाचपलं. काळ्या, भेगाळलेल्या, केसांतलं काही न कळणाऱ्या अंगठ्याने. मग दाराशी उजेडात नेलं, पुन्हा चाचपलं, आणि परत येऊन ते टेबलावर ठेवलं. पेटीत नाही, टेबलावर.

"हे तिचे नाहीत," तो म्हणाला.

"उकळून भट्टीत सुकवले की केस बदलतात," बार्ब्रो म्हणाली. गिऱ्हाइकांना सांगायचं हे वाक्य, तिच्या तोंडून आपोआप निघालं. "हाताला वेगळे लागतात."

हाल्वार रागावला नव्हता. तो बाकावर बसला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"बार्ब्रो," तो म्हणाला, "तू गेल्यापासून रोज सकाळी तिची वेणी मी घालत होतो. तिची तिला घालता येत होती गं. पण माझ्याकडूनच घालून घ्यायची."